एकतीस वाट्या

स्लाइड १

"माझी स्क्रीन सगळ्यांना दिसतेय ना?"

लॅपटॉपवर एकतीस काळे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. नावंही धड नव्हती. कुठे नातवाचं नाव, कुठे मोबाइलच्या कंपनीचं, एका ठिकाणी नुसतंच 'आई'. त्यातल्या एका चौकोनातून म्हैस रेकत होती, दुसऱ्यातून कुकरची शिट्टी येत होती, तिसऱ्यातून कुणीतरी कुणाला तरी "आधी वैरण टाक गं, मग ऐक" म्हणत होतं.

मी सगळ्यांचा आवाज बंद केला. तसं एक बटण असतं, ते एकदा दाबलं की सगळे गप्प होतात.

"छान," मी म्हणालो. "आता सुरुवात करू या."

स्लाइड १

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नाव डॉ. सारंग वानखडे, गाव अमरावतीकडचं, नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघात. पशुवैद्य म्हणून रुजू होऊन पाच महिने झाले होते. त्यातले तीन गडहिंग्लजच्या भाड्याच्या खोलीतच गेले, कारण त्या वर्षी रोगाच्या साथीमुळे गावागावांच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. गाडी फक्त दुधाची जायची.

त्या गाडीतून करंबळे गावच्या महिला दूध संस्थेचे कॅन दोन महिन्यांत दोनदा परत आले होते. प्लांटवर तपासणीत दूध नासत होतं. एकतीस घरांचं दूध एकाच ठिकाणी जमा व्हायचं. एका जनावराच्या कासेत बिघाड असला की तीसजणींचं चांगलं दूधही त्याच्याबरोबर बाद. बिघाड कुणाच्या गोठ्यात आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण रोग लपलेला होता. कास सुजलेली नव्हती, दुधात गाठी नव्हत्या, म्हैस खात-पीत होती.

"उद्याचा कॅन परत आला की परवापासून गाडी बंद," आमचे इंगवले साहेब सकाळीच म्हणाले होते. "दुपारी त्या बायकांचं ठरलेलं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन टाक. नंतर आपल्यावर बोलणं नको."

करंबळेला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गाडी बंद म्हणजे दूध घरात.

मी रात्रभर जागून चौतीस स्लाइड केल्या होत्या. कासेचा उभा छेद, जंतूंची वर्गवारी, बाण, रंगीत आलेख. तेराव्या स्लाइडवर एक म्हैस डावीकडून चालत यायची आणि उजवीकडे जाऊन थांबायची. ती जमवायलाच दोन तास गेले होते.

स्लाइड १

पंचावन्न मिनिटं मी बोललो. न थांबता. 'सुप्त स्तनदाह' हा शब्द किती वेळा वापरला ते आठवत नाही. "इथे लाल बाणाकडे लक्ष द्या," म्हणालो. "आता ही म्हैस बघा," म्हणालो आणि स्वतःच हसलो. शेवटी आवाज पुन्हा सुरू केले.

"काही शंका?"

"सगळ्यांना समजलं?"

"व्हय साहेब," पाच-सहा आवाज एकदम आले. मागून एक वयस्कर, जड आवाज आला. "लई चांगलं बोललासा. बरं, ठेवू का आता? धारा काढायच्यात."

त्या संस्थेच्या अध्यक्ष, गौराक्का देसाई. त्यांनी ठेवल्यावर सगळे चौकोन पटापट विझले.

मी खुर्चीत मागे टेकलो. आईला फोन करून सांगितलं, पहिलंच प्रशिक्षण, उत्तम झालं, एकीनेही मध्ये अडवलं नाही.

स्लाइड १

पाच वाजता रेश्माचा फोन आला. रेश्मा संस्थेची सचिव. चोवीसेक वर्षांची, बी.कॉम., सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायची. आमचं बोलणं फोनवर झालेलं, भेट कधीच नाही.

"साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ती चौतीस पानं होती म्हणालात. आम्हाला पहिलंच दिसत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिलं पान. तुमचं नाव, खाली पदवी आणि कोपऱ्यात तुमचा फोटो. ते काही हललंच नाही."

खिडकीतून बाहेर बघितल्याचं आठवतं. घरमालकांच्या अंगणात त्यांची म्हैस रवंथ करत उभी होती.

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"पंचावन्न मिनिटं तुम्ही सगळ्या माझ्या फोटोकडे बघत बसलात?"

"चांगला आलाय म्हणाल्या गौराक्का. लग्नाचं बघायलेत का, ते विचार म्हणाल्या."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलायलासा, साहेब. शिकल्याला माणूस बोलतोय, त्याला मध्ये कसं थांबवायचं? आमच्यात नाही थांबवत. आणि आवाज पण तुम्हीच बंद केला होता."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"तसं सगळ्या काही बसून नव्हत्या," रेश्मा माझं समाधान करत म्हणाली. "निम्म्याजणी कामाला गेल्या फोन ठेवून. शेवंताकाकूंनी तर फोन गोठ्यात खुंटीला अडकवला होता. तुमच्या आवाजानं म्हैस गप उभी राहते म्हणाल्या."

"म्हणजे ऐकलं ते एका म्हशीनं."

"हो. पण तिनं सगळं ऐकलं."

ती हसली. मग मलाही हसू आलं.

"साहेब, ते सुप्त काय म्हणजे दगडीच का?"

दगडी. कास दगडासारखी होते म्हणून दगडी. हा शब्द मला माहीत होता. चौतीस स्लाइडमध्ये तो एकदाही नव्हता.

"दगडीच. फक्त अजून वर न आलेली. हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही."

"हे असं सांगितलं असतं तर कळलं असतं की." मग तिचा आवाज बारीक झाला. "मी फोन दुसऱ्याच कारणानं केलाय. बायका म्हणायलेत, शेवंताकाकूंच्या म्हशीचं आहे. म्हातारी म्हैस, गोठ्यात ओल, घरात बाई एकटी. उद्या सकाळी त्यांचं दूध घ्यायचं नाही असं ठरवायलेत. त्यांना दुसरं काही नाही साहेब. आणि ते दूध त्यांचंच आहे, हे कुणी बघितलंय?"

स्लाइड २ ते ३४

(कुणी पाहिल्या नाहीत.)

इंगवले साहेब

"उपस्थिती किती?"

"एकतीस."

"स्क्रीनचा फोटो काढलास?"

"काढला."

"मग झालं प्रशिक्षण. फाइलला लाव."

"साहेब, त्यांना काहीच दिसलं नाही. स्लाइड पुढे गेलीच नाही. मला उद्या पहाटे सहाला पुन्हा घ्यायचंय."

पलीकडे ते हसले. वाईट माणूस नव्हता, पण वीस वर्षं फायली लावून लावून तसं हसायला शिकला होता.

"वानखडे, दुपारी ज्या बायका तुझ्यासमोर बसल्या नाहीत, त्या ऐन धारेच्या वेळी बसतील? आणि उद्या तुझी पाटी हलेल याची खात्री काय?"

"पाटीच नाही साहेब."

"मग काय दाखवणार?"

"मी काहीच दाखवणार नाही," मी म्हणालो.

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याचा अर्थ मलाही पुरता कळलेला नव्हता.

निरोप

रेश्माने त्या संध्याकाळी घरोघरी जाऊन तोंडी सांगितलेला निरोप असा: अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याची पावडर विरघळवून ठेवा. सकाळी म्हशीच्या चारी सडांची दोन-दोन चिळकांड्या धार चार वेगळ्या वाट्यांत घ्या. वाटी कुठल्या सडाची ते ध्यानात ठेवा. फोन गोठ्यात न्या. डॉक्टर भाषण करणार नाही.

शेवटचं वाक्य तिने स्वतःच घातलं होतं. लोक त्याच्यामुळे आले असं नंतर कळलं.

पहाटे सहा

या वेळी मी कुणाचा आवाज बंद केला नाही. त्यामुळे कानात एकदम अख्खं गाव शिरलं. बादल्या, दावणीच्या साखळ्या, कोंबडे, "हो हो, थांब बाई, थांब," आणि चरवीत पडणाऱ्या धारांची चुरचूर. चौकोन मात्र काळेच.

"कॅमेरे सुरू करता का?"

"न्हाई साहेब," गौराक्कांचा जड आवाज. "आमच्यात कास दावत न्हाईत परक्याला. दृष्ट लागती. दूध काढतानाबी चरवीवर पदर असतोय."

तेव्हा मला कालचे काळे चौकोन उमगले. मी त्यांना कंटाळा समजलो होतो. आणि मी तर पाचव्या स्लाइडवर अख्ख्या पडद्याएवढी कास लावली होती. ती दिसली नाही हे देवाचे उपकार.

"कास नको अक्का. म्हैस पण नको. तुम्ही पण दिसू नका. फोन फक्त वाटीवर धरा. वाटीला तर दृष्ट लागत नाही ना?"

कुणीतरी फसकन हसलं.

"वाटीला कशाची लागतीय!"

"मग मी आधी माझी दाखवतो." मी लॅपटॉपचा पडदा खाली कलवला. टेबलावर घरमालकांच्या म्हशीच्या दुधाच्या चार वाट्या होत्या. मालकीणबाईंनी त्या देताना "परत धुऊन द्या" असं तीनदा बजावलं होतं. "जेवढं दूध, तेवढंच पावडरीचं पाणी. आणि वाटी अशी गोल गोल फिरवायची. पाण्यासारखं पळत राहिलं तर सड निरोगी. घट्ट झालं, चिकट झालं, तर त्या सडात दगडी बसलीय."

मी वाटी फिरवली. दूध पळालं.

"एवढंच?" एक आवाज.

"एवढंच. आता तुमची. कोण दाखवतंय पहिलं?"

साखळ्या वाजत राहिल्या. कुणी पुढे येईना. सगळ्यांकडे दूध होतं, पावडर होती, वाट्या होत्या. पण ज्या वाटीत घट्ट निघेल, त्या बाईचं नाव गावभर होणार होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नव्हतं.

आणि मग 'आई' असं नाव असलेला चौकोन उजळला.

त्यात एक ॲल्युमिनियमची ताटली होती आणि तिच्यावर चार वाट्या. एक पोचे आलेली, दोन स्टीलच्या, चौथी म्हणजे नारळाची करवंटी. त्यांच्याशेजारी सुरकुतलेला हात.

"मी दावते," आवाज आला. "माझंच नाव घ्यायलासा न्हवं सगळ्या? मग बगा की डोळं उघडून."

"शेवंता, तसं कुणी..." गौराक्का म्हणाल्या.

"असू दे अक्का. कालपास्नं ऐकायलेय मी."

शेवंताबाईंनी पावडरीचं पाणी ओतलं. पहिली वाटी फिरवली. पळालं. दुसरी. पळालं. तिसरी जरा जास्तच जोरात फिरवली, थोडं ताटलीत सांडलं. पळालं. करवंटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि फोनच्या इतकी जवळ आणली की सगळा पडदा पांढरा झाला.

पळालं.

"चारीबी साफ!" रेश्मा ओरडली. "काकू, चारीबी साफ!"

"म्हातारी हाय म्हैस," शेवंताबाई म्हणाल्या. "पण मी रोज ऊन पाण्यानं कास धुते. आता दुसऱ्याबी दावू द्यात."

यानंतर काय झालं ते मला क्रमाने सांगता येत नाही, कारण ते क्रमाने झालंच नाही. चौकोन उजळत गेले. एक, मग तीन, मग एकदम सात-आठ. पितळेच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, चहाचे कप, एका घरी तर देवाची पंचपात्री. ("पंचपात्री कशाला गं घेतलीस?" "चौथी वाटी सापडंना!") सगळ्या फिरत होत्या. कुणाचा हात हिरव्या बांगड्यांचा, कुणाचा शेणाने माखलेला, कुणाचा थरथरणारा. सगळ्याजणी एकमेकींच्या वाट्यांत डोकावत होत्या आणि मला कुणी विचारतही नव्हतं.

"तुझं पळायलंय गं!"

"थांब, अजून फिरीव. हातात जोर हाय का न्हाई?"

"साहेब, हे घट्ट म्हणायचं का?"

"दाखवा... नाही, ती साय आहे."

"साय हाय गं ती! घाबरीवलंस की!"

काल मी पडद्यावर म्हैस चालवली होती. आज एकेका चौकोनात एकेक, अशा एकतीस वाट्या चालत होत्या.

तीस. मी मोजल्या होत्या. एक चौकोन अजून काळा होता.

गौराक्का

त्यांचं नाव घ्यायची मला फार इच्छा झाली. "अक्का, तुमची राहिली," एवढं म्हणायला काय लागतं? रेश्माने खाजगीत मला लिहून पाठवलं, 'साहेब, विचारा.' मी विचारलं नाही.

कालपर्यंत मला गप्प राहता येत नव्हतं. शांतता आली की मी पुढची स्लाइड काढायचो. त्या सकाळी मी हात मांडीखाली दाबून बसलो.

हळूहळू बाकीच्याही गप्प होत गेल्या. त्यांनीही चौकोन मोजले असावेत. नुसत्या साखळ्या वाजत होत्या.

गौराक्कांच्या पाच म्हशी. गावात सगळ्यात जास्त दूध त्यांचं. संस्था त्यांनी उभी केली होती. आणि शेवंताबाईंचं दूध बंद करायचा ठराव मांडणारही त्याच होत्या.

चौकोन उजळला.

पितळेच्या चार वाट्या, लख्ख घासलेल्या. तीन वाट्यांत दूध होतं. चौथीत दूध नव्हतं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी होतं. गौराक्कांनी बोट घालून वर उचललं, तर बोटाबरोबर तार आली.

"साहेब, हिचा मागचा डावा सड," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा सावकाश. "बाकीच्या चारजणींचं साफ हाय. मगाशीच बघितलं मी. दावायला हात उचलंना."

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"शेवंता. ऐकायलीस न्हवं?"

"ऐकायलेय की अक्का."

"माझंच निघालं गं."

मी काही बोलणार होतो. बोललो नाही ते बरं, कारण शेवंताबाई बोलल्या.

"निघालं ते बरं झालं. मुक्या जनावराला काय दोष? मागच्या बारीला माझी आजारी हुती तवा तुझ्या घरचं दूध प्यालोय आम्ही. ऊन पाण्यानं शेक तिला, मी येते."

"बाहेर पडायची बंदी हाय."

"परसातनं येते."

आणि त्यानंतर, जणू कुणीतरी दार उघडून धरलं होतं, अजून दोन आवाज आले. एक पंचपात्रीवाली. "साहेब, मी मगाशी खोटं बोलले. आमची तिसरी वाटी बी घट्ट हाय." आणि एक तरुण सून, रडवेली. "आमच्या सासूबाई सांगू नको म्हणत्यात, पर आमचीबी एक हाय."

तीन म्हशी. तीन गोठे. दोन महिन्यांत जे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, ते अठ्ठेचाळीस मिनिटांत.

बाकीचं मग भराभर झालं. त्या तीन म्हशींचं दूध केंद्रावर आणायचं नाही. तपासलेल्या वाट्यांतलं मोरीत ओतायचं. गावातच राहणारे सरकारी पशुधन पर्यवेक्षक होते, त्यांना मी फोनवर औषध सांगितलं, त्यांनी इंजेक्शनं दिली. साडेसातला कॅन भरले. त्यात शेवंताबाईंचं दूध होतं. रेश्मा म्हणाली, त्या दिवशी त्यांना रांगेत पहिला नंबर दिला. गौराक्कांनी.

अकरा

प्लांटवर जाऊन गाडी अकराच्या सुमाराला करंबळेला परत यायची आणि कॅन उतरवून पुढे जायची. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी पावणेअकराला रेश्माने तीच बैठक पुन्हा उघडली. मी लॅपटॉपसमोर बसलो. चौकोन एकेक करून आले. आता त्यांच्यात वाट्या नव्हत्या, चेहरे होते. तोपर्यंत मी त्या गावातलं एकही तोंड पाहिलं नव्हतं. शेवंताबाई माझ्या कल्पनेपेक्षा खूप ठेंगण्या निघाल्या. गौराक्कांच्या नाकात एवढी मोठी नथ होती की पहिल्यांदा नथच दिसली.

"हेच का ओ डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "फोटोत बरं दिसत हुतासा."

गाडीचा आवाज आला. रेश्मा केंद्राच्या पायरीवर फोन घेऊन उभी होती. ड्रायव्हर उतरला, मागचं फळकूट पडलं. फोन हलत होता, काही नीट दिसत नव्हतं.

"कोण बोलू नका," गौराक्का म्हणाल्या. "ऐका."

मला कळेना काय ऐकायचं ते. नंतर रेश्माने सांगितलं. कॅन भरलेला परत आला तर उतरवताना धप्प वाजतो. गेल्या दोन वेळेला सगळ्यांनी तो आवाज आपापल्या घरात बसून ऐकला होता.

पहिला कॅन खाली आला.

खण्ण.

दुसरा. खण्ण. तिसरा ड्रायव्हरने नुसता ढकलला, तो घरंगळत पायरीवर आपटला, आणि रिकाम्या कॅनचा तो आवाज अख्ख्या गल्लीतून देवळाच्या घंटेसारखा घुमत गेला.

मग गलका झाला. एकतीसजणी एकदम बोलत होत्या. कुणी हसत होतं, कुणी ड्रायव्हरला चहा घेऊन जा म्हणत होतं, कुणी सासूला हाका मारत होतं, "आलं ओ, रिकामं आलं!" शेवंताबाई आणि गौराक्का एकाच चौकोनात होत्या, परसातून आलेल्या, आणि दोघीही एकमेकींचं न ऐकता बोलत होत्या. मीही बोलत होतो. अभिनंदन करत होतो, पुढचे आठ दिवस काय काळजी घ्यायची ते सांगत होतो, दोन मिनिटं सांगत होतो.

मग खाली डावीकडचं चिन्ह दिसलं. माझाच आवाज बंद होता.

तो मी सुरू केला नाही. खुर्चीत मागे टेकलो आणि ऐकत बसलो.